दादा वर्षभर आत गेला, पुढे काय?



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. अमुक वस्तीतील सराईत गुंडाला 'एमपीडीए' कायद्याखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध केले आणि त्याची कारागृहात रवानगी झाली. बाहेरचा वाचक ती वाचतो आणि पान उलटतो. परंतु ज्या वस्तीचे नाव त्या बातमीत असते, तिथल्या मायमाउल्या त्या रात्री मोकळा श्वास घेतात. पोरगी शिकवणीहून उशिरा आली तरी आईच्या पोटात गोळा येत नाही. टपरीवाल्याचा हप्ता वाचतो. आणि त्याच वस्तीत एक घर असेही असते, जिथे त्या रात्री चूल पेटत नाही. कारण आत गेलेला त्या घरचा कर्ता मुलगा असतो.

या दोन्ही घरांत आपलाच कष्टकरी समाज राहतो. म्हणून हा कायदा आपण दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. नुसते टाळ्या वाजवून चालणार नाही आणि नुसती छाती बडवूनही चालणार नाही.

हा कायदा आहे तरी काय?

नेहमीच्या फौजदारी कायद्यात आधी गुन्हा घडतो. मग फिर्याद, पंचनामा, आरोपपत्र, साक्षीपुरावे आणि शेवटी शिक्षा किंवा सुटका. स्थानबद्धतेत हा क्रम उलटा असतो. माणूस उद्या काय करील याचा अंदाज बांधायचा आणि त्याला आजच आत ठेवायचे. सरकार याला शिक्षा म्हणत नाही, प्रतिबंध म्हणते. परंतु तुरुंगाची भिंत दोघांनाही सारखीच उंच असते.

महाराष्ट्रात यासाठी १९८१ सालचा खास कायदा आहे. त्याच्या नावातच आपल्या वस्त्यांचा उल्लेख आहे: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधी द्रव्यविषयक गुन्हेगार यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याचा कायदा. पुढे त्यात 'धोकादायक व्यक्ती' आली. मग चोरून चित्रपट विकणारे, वाळू तस्कर आणि जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारेही आले. कायद्याच्या भाषेत झोपडपट्टीदादा म्हणजे सरकारी किंवा परक्या जागेवर बेकायदा झोपड्या बांधून विकणारा, दमदाटी करून भाडे उकळणारा, गरिबाला झोपडीतून हुसकावणारा. आपण ज्याला 'दादा' म्हणतो, म्हणजे मारामाऱ्या करणारा, चाकू दाखवणारा, तो या कायद्यात बहुधा 'धोकादायक व्यक्ती' ठरतो. त्यासाठी शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे किंवा शस्त्रांचे गुन्हे त्याने सवयीने केलेले असावे लागतात. एखादे भांडण, एखादा गुन्हा एवढ्यावर माणूस 'सवयीचा' ठरत नाही.

वस्तीतल्या लोकांना चॅप्टर केस आणि तडीपारी हे शब्द नवे नाहीत. चॅप्टर केसमध्ये चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्रावर जामीन घेतात. तडीपारीत माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढतात. स्थानबद्धता ही या दोन्हींच्या वरची पायरी आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी तसा आदेश काढतात. राज्य सरकारने बारा दिवसांत मान्यता दिली नाही तर तो आदेश गळून पडतो. पकडलेल्या माणसाला पाच दिवसांच्या आत कारणे कळवावी लागतात. तीन आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते आणि मंडळ सात आठवड्यांच्या आत आपले मत देते. मंडळाने 'पुरेसे कारण नाही' असे म्हटले तर सोडावेच लागते. आदेश टिकला तर जास्तीत जास्त बारा महिने.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. अशा प्रकरणांत पोलीस बहुतेक वेळा दोन-तीन गोपनीय जबाब जोडतात. साक्षीदाराचे नाव नसते, नुसते 'अ' आणि 'ब' असे लिहिलेले असते. त्याला कारण आहे. दादाविरुद्ध उघड बोलायला कोण धजावणार? दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरायचे असते! परंतु त्याच पडद्याआडून कुणी जुना वैरही साधू शकतो. जबाब कुणाचा हे कळत नसेल तर खोडून कसा काढणार?

नागपूरचा धडा

ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली, त्याच शहराच्या उत्तर भागात कस्तुरबानगर ही प्रामुख्याने दलितांची वस्ती आहे. तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने अनेक वर्षे दहशत माजवली. खंडणी, मारहाण, खून, स्त्रियांवर अत्याचार. त्याला अटक होत असे आणि तो जामिनावर सुटून परत येत असे. १९९९ सालच्या अखेरीस त्याला याच झोपडपट्टीदादा कायद्याखाली वर्षभर स्थानबद्धही केले होते. वर्ष संपले, तो बाहेर आला आणि जुनाच धंदा पुन्हा सुरू झाला.

१३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणले, तेव्हा तो पुन्हा सुटणार अशी वस्तीला धास्ती होती. जमाव न्यायालयाच्या दालनात घुसला, वस्तीतल्या महिला पुढे होत्या, आणि तिथेच त्याचा अंत झाला. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले.

ज्या आयाबहिणींनी ते भोगले त्यांना घरात बसून दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. परंतु त्या घटनेची मिरवणूक काढण्यातही अर्थ नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आपल्याला सांगितले आहे की सनदशीर मार्ग खुला असताना दुसऱ्या मार्गाला जाणे म्हणजे अराजकाला आमंत्रण होय. मग प्रश्न असा उरतो, की कस्तुरबानगरला सनदशीर मार्ग खरोखर खुला होता काय? तक्रार घेऊन गेलेल्या बाईला न्याय मिळाला असता तर ती हातात तिखटाची पूड घेऊन कोर्टात गेली असती काय?

आणि त्याहून मोठा प्रश्न असा: स्थानबद्धतेचे ते एक वर्ष कुठे गेले? त्या बारा महिन्यांत वस्ती शांत होती. जुन्या गुन्ह्यांचे साक्षीदार निर्भयपणे उभे करता आले असते, खटले निकाली काढता आले असते, माणसाला रीतसर शिक्षा होऊ शकली असती. तसे झाले नाही. कष्टकरी माणसाला 'उचल' ठाऊक असते. स्थानबद्धता ही शांततेची उचल आहे, कमाई नव्हे. मुदतीत फेडली नाही तर ती व्याजासकट अंगावर येते.

बाबासाहेबांनी घातलेला लगाम

काही बांधव विचारतील, की पुरावा नसताना माणसाला कोंडण्याची मुभा आपल्या राज्यघटनेत आलीच कशी? त्याचा इतिहास माहीत असावा. घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द ठेवण्यात आले. म्हणजे कायदेमंडळ करील तो कायदा प्रमाण! अनेक सभासदांना हे खटकले आणि बाबासाहेबांनाही त्याची जाणीव होती. त्यांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी एक नवे कलम मांडले आणि ही त्या उणिवेची भरपाई असल्याचे सांगितले. तेच आजचे कलम २२.

अटकेचे कारण सांगणे, वकील देणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे हे हक्क त्या कलमाने दिले. स्थानबद्ध माणसाला मात्र वकिलाचा आणि २४ तासांचा हक्क नाही. देशाच्या त्या वेळच्या परिस्थितीत अशा अधिकाराची गरज पडू शकते, हे बाबासाहेबांनी मान्य केले. पण त्याला लगाम घातले. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपेक्षा जास्त कोंडायचे नाही, कारणे कळवायची आणि निवेदन करण्याची संधी लवकरात लवकर द्यायची. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही तीन महिन्यांची मुदत दोनवर आणायचे ठरवले. संसदेने मंजूर केलेली ती तरतूद आजतागायत अमलात आणलेली नाही. सरकारे आली आणि गेली, परंतु हा अधिकार कमी करून घेण्याची घाई कुणालाच नव्हती!

शस्त्र कुणावर चालते?

आपल्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी शिक्का! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण 'सराईत' या शब्दाने त्या जमातींचा पिच्छा सोडला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला आणि त्यात विमुक्त जमातींना सराईत समजण्याची प्रथाही होती. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातले. मे २०१७ मध्ये सहारनपूर जिल्ह्यातल्या शब्बीरपूर गावात दलितांची घरे जाळली गेली. त्यानंतरच्या आंदोलनात भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि जूनमध्ये त्यांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. लगेच दुसऱ्या दिवशी सरकारने त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केले. ते सप्टेंबर २०१८ मध्ये बाहेर आले आणि २०२४ साली नगीना मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मतदारांनी खासदार म्हणून निवडलेल्या माणसाला सरकारने देशाच्या सुरक्षेचा धोका ठरवले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा तुरुंगांचा अहवाल सांगतो, की देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. त्यांच्यात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे पाचवा आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील आपला वाटा १६.६ टक्के होता. जिथे खटला चालवून ही स्थिती आहे, तिथे खटल्याशिवाय कोंडण्याच्या अधिकाराकडे आपण डोळे उघडे ठेवूनच पाहिले पाहिजे.

न्यायालयांनी एक कसोटी घालून दिली आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या १९६५ च्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत देशाच्या सुरक्षेचे. साध्या भाषेत सांगायचे तर दोन शेजारी बांधावरून भांडले तर कायदा मोडला, पण सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली नाही. एखाद्याच्या भीतीने सगळ्या गल्लीची दारे संध्याकाळी सातला बंद होत असतील, तर मात्र सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली. स्थानबद्धता फक्त या दुसऱ्या स्थितीसाठी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या हातभट्टीच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने हाच फरक दाखवून स्थानबद्धतेचा आदेश रद्द केला. नेहमीच्या कायद्याने जे जमते, त्यासाठी हे हत्यार उपसायचे नाही, हा त्याचा मथितार्थ.

धम्म काय सांगतो?

अंगुलीमालाची कथा आपल्या मुलांना पाठ असते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती आवर्जून घेतली आहे. परंतु त्या कथेतला एक भाग आपण घाईत वगळतो. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्या दरोडेखोराला धरायला निघाला होता आणि प्रजेच्या रक्षणासाठी निघणे हे राजाचे कर्तव्यच होते. तथागतांनी राजाला अडवले नाही आणि अंगुलीमालाला लपवूनही ठेवले नाही. हात करून दाखवले, की हाच तो. राजाने पाहिले, माणूस बदललेला होता. म्हणजे प्रजेचे रक्षणही हवे आणि माणूस बदलण्याची वाटही उघडी हवी. एक आहे म्हणून दुसरे नको, असे धम्म सांगत नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात याहून व्यवहारी सल्ला आहे. राज्यात चोरदरोडेखोर माजले, तेव्हा पुरोहित राजाला म्हणतो, की नुसते मारून आणि कोंडून ही पीडा संपणार नाही; जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पुरेसे वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागले, की दारे उघडी टाकून झोपता येईल. आपल्या वस्तीतल्या दादाच्या मागे जी दहा पोरे फिरतात, त्यांतल्या किती जणांच्या हाताला काम आहे, हे एकदा मोजून पाहा.

बारा महिन्यांचे काम

आता कामाचे बोलू. वस्तीतला खरोखरचा गुंड आत गेला असेल तर हे करा.

पहिले, जुन्या तक्रारी बाहेर काढा. भीतीपोटी दाबून ठेवलेल्या फिर्यादी याच काळात नोंदवा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पाठवा, तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गुंड सवर्ण असेल आणि जातीवरून छळ असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

दुसरे, साक्षीदाराला एकटे सोडू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिवाला धोका असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. पण सरकारी संरक्षणाइतकेच आपले संरक्षणही मोलाचे. साक्षीच्या तारखेला महिला मंडळाच्या दहा जणी बरोबर गेल्या, तर साक्ष देणाऱ्या बाईचा आवाज कापत नाही.

तिसरे, त्याची गादी रिकामी राहील असे पाहा. एक दादा आत गेला की दुसरा तयारच असतो. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवा, पोरांना आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारीचे अर्ज भरून द्या. हे भाषणापेक्षा जड काम आहे.

आणि आत गेलेला आपल्याच घरचा असेल, किंवा चळवळीतला निरपराध कार्यकर्ता असेल, तर रडत बसू नका. कारणांची प्रत त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली काय, हे पाहा. ताबडतोब सरकारला आणि सल्लागार मंडळाला निवेदन पाठवा. तुरुंगातूनही ते पाठवता येते. मंडळापुढे हजर राहून आपले म्हणणे मांडायचे आहे, असे त्यात स्पष्ट लिहा. वकील मंडळापुढे हक्काने येऊ शकत नाही, पण वकील नसलेल्या स्नेह्याची मदत घेता येते. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येतो. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत विनाकारण महिनोन्महिने गेले असतील, गोपनीय जबाबांची शहानिशा झाली नसेल किंवा निवेदनाचा निर्णय रखडला असेल, तर असे आदेश न्यायालयाने रद्द केलेले आहेत. पैशांअभावी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत, तेव्हा दाखला तयार ठेवा.

शेवटी एक विनंती. स्थानबद्ध माणूस कितीही वाईट असला तरी तो एक दिवस सुटून त्याच गल्लीत येणार आहे. तोवर त्याच्या जुन्या गुन्ह्यांचे खटले उभे राहिलेले असावेत आणि त्याला सुधारायचेच असेल तर त्याच्याशी बोलायला कुणीतरी गेलेले असावे. आई जाईल, वस्तीतला एखादा जुना मास्तर जाईल, भन्तेजी जातील. आपल्या वस्तीत अशी कुणाची मुदत चालू असेल, तर ती कोणत्या महिन्यात संपते ते येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर बसून विचारा आणि तीन कामांपैकी कोणते कुणी करायचे, ते त्याच बैठकीत वाटून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!